मीडिया प्लेअर का बिघडतो आणि तो घरच्या घरी कसा दुरुस्त करावा?

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. विद्यार्थ्यांची ध्वनिमुद्रित व्याख्याने, स्पर्धा परीक्षांचे पाठ, घरच्या लग्नकार्याची सीडी, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेला वडीलधाऱ्यांचा आवाज असा पुष्कळसा ठेवा आज संगणकातच असतो. हा ठेवा ऐकण्यासाठी वा पाहण्यासाठी ज्या प्रोग्रामचा उपयोग होतो, त्यास मीडिया प्लेअर असे म्हणतात. कालपर्यंत सुरळीत चालणारा हा प्लेअर एके दिवशी अचानक बिघडतो. आवाज येतो पण चित्र दिसत नाही. चित्र दिसते पण ते उलटे दिसते. किंवा फाईल उघडताच प्लेअरच बंद पडतो.

अशा वेळी संगणक घेऊन दुकानात गेले म्हणजे बहुधा ठरावीक उत्तर मिळते : "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट मारणे म्हणजे हार्ड डिस्कची पाटी पुसून तीवर सर्व काही पुन्हा लिहिणे. त्याने प्लेअर सुरू होतो हे खरे; परंतु पाटीबरोबर तिच्यावरचा आपला ठेवाही पुसला जाऊ शकतो. वास्तविक पुष्कळदा प्लेअर बिघडलेलाच नसतो. बाहेरून आणून बसवलेल्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने त्याच्या कामात हात घातलेला असतो. तो हात बाजूला केला की प्लेअर पूर्ववत चालतो व एकही फाईल गमवावी लागत नाही.

प्रस्तुत लेख कोणा तज्ज्ञाने तज्ज्ञांसाठी लिहिलेला नाही. बँकेत कारकुनी करणाऱ्या व कला शाखेत शिकलेल्या माणसाला हा विषय जसा उमगला, तसा तो येथे मांडला आहे. विंडोज ही प्रणाली असलेले संगणक आपल्याकडे घरोघरी दिसतात. म्हणून विंडोज मीडिया प्लेअर हेच उदाहरण घेतले आहे.

कोडेक म्हणजे काय?

चित्र आणि आवाज मूळ स्वरूपात साठवायचे म्हटले तर फार जागा लागते. ऑडिओ सीडीचा आवाज दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो व त्याच्या एका मिनिटासाठी सुमारे १० मेगाबाइट जागा खर्ची पडते. चित्राची गोष्ट त्याहून मोठी. आपल्याकडील दूरदर्शन संचाच्या मापाचे, म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे व सेकंदाला २५ चौकटी असलेले रंगीत चित्र जसेच्या तसे साठवले, तर दर सेकंदाला सुमारे ३१ मेगाबाइट जागा लागेल. ७०० मेगाबाइटची सीडी अवघ्या २२-२३ सेकंदांत भरून जाईल! मग त्याच सीडीवर तास-सव्वा तासाचे चित्रण कसे मावते? तर ते आवळून, दाबून भरलेले असते म्हणून.

ही आवळण्याची आणि पुन्हा उलगडण्याची जी रीत, तिला कोडेक म्हणतात. कोडर आणि डीकोडर या दोन शब्दांच्या जोडणीतून हा शब्द तयार झाला. एमपी-थ्री हे आवाजाच्या कोडेकचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण होय; त्यामुळे एका मिनिटाचा आवाज साधारण १ मेगाबाइटमध्ये मावतो. चित्रासाठी एमपेग-२, डिव्हएक्स, एक्सव्हिड, एच-२६४, एचईव्हीसी असे अनेक कोडेक आहेत. ज्या रीतीने चित्र आवळले, ती रीत जाणणारा डीकोडर संगणकात नसेल तर ते उलगडणार नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फाईलच्या नावाच्या शेवटी एव्हीआय, एमपी-फोर किंवा एमकेव्ही असे असते, ते कोडेकचे नाव नव्हे. ते पेटीचे नाव आहे. एव्हीआय ही पेटी मायक्रोसॉफ्टने १९९२ साली आणली. दोन पेट्या बाहेरून सारख्या दिसल्या तरी एकीत एका रीतीने आवळलेले चित्र असते व दुसरीत निराळ्या रीतीने. म्हणूनच एक एव्हीआय फाईल चालते व शेजारची चालत नाही, असा अनुभव येतो. पेटीत नेमके काय आहे हे पाहण्यासाठी मीडियाइन्फो नावाचा विनामूल्य प्रोग्राम मिळतो. तो फक्त माहिती सांगतो. संगणकात कोडेक भरत नाही.

साखळी आणि ज्येष्ठता यादी

विंडोज मीडिया प्लेअर सगळे काम एकटा करीत नाही. तो कामाची साखळी उभी करतो. पहिली कडी फाईल वाचते. दुसरी कडी पेटी उघडून चित्र आणि आवाज वेगळे करते. तिसरी व चौथी कडी त्यांचा उलगडा करतात. शेवटच्या कड्या चित्र पडद्याकडे व आवाज स्पीकरकडे पाठवतात. विंडोजमधील या व्यवस्थेला डायरेक्ट-शो म्हणतात आणि प्रत्येक कडीला फिल्टर म्हणतात. या कड्या एकट्या मीडिया प्लेअरच्या मालकीच्या नसून सर्व प्रोग्रामना सामाईक असतात. बिघाडाचे बीज या सामाईकपणातच आहे.

एकच काम करू शकणारे दोन-तीन फिल्टर असतील तर कोणाला बोलवायचे? यासाठी प्रत्येक फिल्टरला एक गुणांक दिलेला असतो व त्याची नोंद रजिस्ट्री नावाच्या विंडोजच्या नोंदवहीत असते. ज्याचा गुणांक मोठा, त्याला आधी संधी. कार्यालयात ज्येष्ठता यादी असते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की कार्यालयात ज्येष्ठता सेवेच्या वर्षांवरून ठरते. येथे बाहेरून येणारा प्रोग्राम स्वतःचा गुणांक स्वतःच लिहून घेतो. काल रुजू झालेला माणूस आपले नाव यादीत सर्वांच्या वर लिहितो आणि दुसऱ्या दिवसापासून सारी कागदपत्रे त्याच्याकडे जाऊ लागतात. त्याला काम नीट येत असेल तर प्रश्न नाही. पण काम येत नसले, किंवा पुढच्या टेबलावरील माणसाशी त्याचे जमत नसले, तर सगळा विभाग अडून बसतो. तक्रार मात्र खिडकीवरच्या कारकुनाविरुद्ध होते. मीडिया प्लेअर हा असा खिडकीवरचा कारकून आहे.

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, मीडिया फाउंडेशन ही नवी व्यवस्था जुन्या व्यवस्थेच्या जोडीला आली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये एच-२६४ सारखे प्रचलित कोडेक मुळातच देण्यात आले व विंडोजच्या स्वतःच्या कोडेकना अग्रक्रम मिळाला. त्यामुळे बाहेरचे कोडेक भरण्याची गरज पुष्कळ कमी झाली. तरीही सवयीने लोक ते भरत राहिले आणि काही साधने तर हा अग्रक्रमही बदलून टाकतात.

ढवळाढवळ करणारे कोण असतात?

पहिले म्हणजे कोडेक पॅक. अनेक कोडेकचे हे गाठोडे असते. एका फाईलसाठी एक कोडेक हवा असतो, पण गाठोड्याबरोबर पंधरा-वीस येतात. एकावर एक असे दोन-तीन पॅक बसवले म्हणजे एकाच कामाचे अनेक मानकरी तयार होतात. दुसरे म्हणजे सीडी लिहिणारे, चित्रफीत जोडणारे किंवा रूपांतर करणारे प्रोग्राम. ते आपल्या सोयीचे फिल्टर न सांगता बरोबर आणतात. तिसरे म्हणजे आवाज वाढवणारे व सुधारणारे प्लग-इन. चौथा प्रकार अपुऱ्या काढलेल्या प्रोग्रामचा. एखाद्याने प्रोग्राम नको म्हणून त्याचे फोल्डर सरळ डिलीट केले, तर माणूस नोकरी सोडून जातो पण हजेरीपटावर त्याचे नाव राहते. कागद त्याच्या रिकाम्या टेबलावर जाऊन पडतो आणि पुढे सरकत नाही.

लक्षणांवरून काय ओळखावे?

(१) आवाज आहे, चित्र नाही : चित्र उलगडणारा डीकोडर नाही किंवा चुकीचा आहे. उलट चित्र आहे व आवाज नाही, तर दोष आवाजाच्या कडीत आहे.

(२) चित्र खाली डोके वर पाय : संगणकात चित्राच्या ओळी कधी वरून खाली, तर कधी खालून वर मांडलेल्या असतात. एका कडीने खालून वर मांडल्या व पुढच्या कडीने वरून खाली वाचल्या, की चित्र उलटे होते. ही दोन अनोळखी कड्या एकत्र आल्याची खूण होय.

(३) फाईल उघडताच प्लेअर बंद : साखळीतील एखादी कडी कोसळते व प्लेअरलाही बरोबर घेऊन जाते.

(४) चित्रफितींचे फोल्डर नुसते उघडले तरी खिडकी बंद पडते : फोल्डरमध्ये छोटी चित्रे दाखविण्यासाठी विंडोज त्याच सामाईक कोडेकचा उपयोग करते. हे लक्षण पाहून लोक व्हायरसचा संशय घेतात. पण जुना, विसंगत कोडेक हेही त्याचे कारण असू शकते.

(५) फाईल भलत्याच प्लेअरमध्ये उघडते : हा बिघाड नव्हे. नव्या प्रोग्रामने फक्त मान स्वतःकडे घेतला आहे. फाईलवर उजवी कळ दाबून "ओपन विथ" मधून आपला प्लेअर पुन्हा नेमावा.

दोष कोणाचा, हे आधी ठरवा

उपायाची घाई करण्यापूर्वी तीन साध्या चाचण्या कराव्यात. पहिली, त्याच प्लेअरमध्ये पूर्वी चालत असलेली दुसरी फाईल लावून पाहावी. ती चालली तर प्लेअर शाबूत आहे. प्रश्न त्या एका फाईलचा आहे. दुसरी, बिघडलेली वाटणारी फाईल दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी. तिसरी व सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे व्हीएलसी हा प्लेअर वापरणे. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून तो घडला व २००१ साली सर्वांसाठी खुला झाला. तो विनामूल्य आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की तो आपले कोडेक आपल्याच पोटात बाळगतो. सामाईक यादीतून उसने घेत नाही आणि यादीत आपली नावेही घुसवीत नाही.

म्हणून फाईल व्हीएलसीमध्ये चालली व मीडिया प्लेअरमध्ये चालली नाही, तर फाईल चांगली आहे असे समजावे. पूर्वी चालणाऱ्या इतर फाईलीही मीडिया प्लेअरमध्ये अडत असतील, तर सामाईक साखळीत बिघाड आहे. फाईल कोठेच चालली नाही, तर ती अर्धवट उतरली असेल वा सीडीला चरे पडले असतील. अशा फाईलसाठी कोडेक शोधत फिरणे व्यर्थ होय.

दुरुस्तीचा क्रम

सोप्यापासून अवघडाकडे जावे. प्रत्येक पायरीनंतर संगणक रीस्टार्ट करून प्लेअर तपासावा व चालू लागला की तेथेच थांबावे.

पहिली पायरी : महत्त्वाच्या फाईली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात व त्या तेथे उघडतात याची खात्री करावी. ही पायरी कधीही गाळू नये.

दुसरी पायरी : बिघाड केव्हा सुरू झाला ते आठवावे आणि त्याच सुमारास काय बसवले ते पाहावे. आठवत नसेल तर संगणकाला विचारावे. कंट्रोल पॅनेलमध्ये "प्रोग्राम्स अँड फीचर्स" उघडावे व "इन्स्टॉल्ड ऑन" या रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारावी. प्रोग्रामची यादी तारखेप्रमाणे लागते. खातेउताऱ्यातील चुकीची नोंद आपण जशी तारखेवरून शोधतो, तशीच ही रीत आहे.

तिसरी पायरी : संशयित कोडेक पॅक किंवा प्रोग्राम याच ठिकाणाहून "अनइन्स्टॉल" करावा, फोल्डर डिलीट करू नये. अनेक पॅक असतील तर शेवटी आलेला आधी काढावा व एका वेळी एकच काढावा. सगळे एकदम काढले तर दोषी कोण होता हे कळत नाही आणि तोच पुन्हा घरात येण्याची शक्यता राहते.

चौथी पायरी : मीडिया प्लेअरच्या "टूल्स" यादीत "प्लग-इन्स" व त्यात "ऑप्शन्स" आहे. बाहेरून आलेल्या प्लग-इनसमोरील खुणा काढून पाहाव्यात. आवाज फाटणे किंवा अडखळणे अशा तक्रारी कधीकधी एवढ्यानेच मिटतात.

पाचवी पायरी : प्लेअर स्वतः पुन्हा बसवणे. विंडोज ७, ८ व १० मध्ये "टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ" येथे जाऊन मीडिया फीचर्सखालील विंडोज मीडिया प्लेअरची खूण काढावी, संगणक रीस्टार्ट करावा, खूण पुन्हा करावी व परत रीस्टार्ट करावा. विंडोज ११ मध्ये २०२२ पासून मीडिया प्लेअर नावाचा नवा प्रोग्राम आहे व जुना प्लेअर "लेगसी" या नावाने जोडीला ठेवलेला आहे. मात्र परका कोडेक काढल्याशिवाय ही पायरी करून फारसा लाभ नाही. खिडकीवरचा कारकून बदलला तरी आतले टेबल तेच राहते.

सहावी पायरी : "सिस्टिम रिस्टोअर". ही सोय विंडोजमध्ये २००० सालापासून आहे. प्रोग्राम बसवण्यापूर्वीच्या तारखेचा टप्पा निवडला तर नोंदवही त्या दिवसाच्या स्थितीत परत जाते. आपले फोटो व कागदपत्रे यांना ती हात लावत नाही. परंतु त्या तारखेनंतर बसवलेले इतर प्रोग्रामही निघून जातात. काही संगणकांवर ही सोय बंद असते. ती आजच उघडून चालू करून ठेवावी, कारण बिघाड झाल्यावर चालू करून उपयोग नाही.

एवढ्याने भागले नाही, तर फॉरमॅटपूर्वी आणखी एक दार आहे. विंडोज १० व ११ मध्ये "रीसेट धिस पीसी" ही सोय असून तीत "कीप माय फाइल्स" हा पर्याय निवडता येतो. त्यात बाहेरचे सर्व प्रोग्राम निघून जातात व आपल्या फाईली राहतात. तरीही पहिली पायरी आधी झालेली असलीच पाहिजे.

फॉरमॅटची किंमत

"माझ्या फाईली डी ड्राइव्हमध्ये आहेत, सी फॉरमॅट केला तर काय बिघडते?" असे पुष्कळ जण म्हणतात. पण डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल, "डॉक्युमेंट्स" व "डाउनलोड्स" ही फोल्डरे नेहमीच्या व्यवस्थेत सी ड्राइव्हमध्येच असतात, हे त्यांच्या ध्यानात नसते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने आजोबांच्या आवाजाची कॅसेट संगणकावर उतरवून घेतली होती. आजोबा हयात नव्हते आणि जुनी टेप बुरशीने गेली होती. मुलाने चित्रपट पाहण्यासाठी कोडेक पॅक भरला, प्लेअर अडला, दुकानात फॉरमॅट झाला. प्लेअर दुसऱ्या दिवशी उत्तम चालत होता; पण त्यात लावायला आजोबांचा आवाज नव्हता, कारण ती फाईल डेस्कटॉपवर होती. एक पॅक अनइन्स्टॉल करण्याचे काम पाच-दहा मिनिटांचे होते.

यात दुकानदाराला दोष देऊन भागणार नाही. त्याच्याकडे दिवसाला अनेक संगणक येतात आणि फॉरमॅट हा त्याला खात्रीचा मार्ग वाटतो. काय जपायचे हे त्याला ठाऊक नसते; ते आपल्यालाच ठाऊक असते. म्हणून संगणक देताना "फॉरमॅट करण्यापूर्वी मला विचारा" हे सांगावे व शक्य तर पावतीवर लिहून घ्यावे.

पुन्हा बिघडू नये म्हणून

एखादी फाईल चालत नसेल तर कोडेक पॅक शोधण्याऐवजी ती व्हीएलसीसारख्या स्वयंपूर्ण प्लेअरमध्ये लावावी. नव्या मोबाईलवरील एचईव्हीसी चित्रणासाठी मीडिया प्लेअरच हवा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या स्टोअरमधील जोड घ्यावी. कोणताही प्रोग्राम त्याच्या मूळ निर्मात्याकडूनच घ्यावा व बसवताना "नेक्स्ट, नेक्स्ट" असे डोळे मिटून दाबत जाऊ नये. प्रत्येक चौकटीतील खूण वाचावी आणि नको ते नाकारावे.

विद्यार्थी मित्रांनी एक धोका विशेष ध्यानात ठेवावा. "ही चित्रफीत पाहण्यासाठी अमुक कोडेक उतरवा" असा संदेश इंटरनेटवर अचानक पुढे आला तर तो मुळीच मानू नये. २००५-०६ च्या सुमारास झ्लॉब नावाचा घातक प्रोग्राम अशाच खोट्या कोडेकच्या वेषात अनेक संगणकांत शिरला होता. ही युक्ती जुनी झाली तरी तिचे बळी संपलेले नाहीत.

विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने २०१४ साली, विंडोज ७ ला २०२० साली व विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ मध्ये नियमित सुधारणा देणे थांबवले. अशी जुनी यंत्रे अनेक घरांत अजून कामाला आहेत. त्यांच्यावर बाहेरचे प्रोग्राम जितके कमी भरावेत तितके बरे, आणि त्यांतील एकुलत्या एक प्रतींची दुसरी प्रत लवकरात लवकर काढून ठेवावी.

सारांश, यंत्र अडले म्हणजे त्याच्यावर चिडण्यापूर्वी किंवा त्याची पाटी पुसण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : फाईल चांगली आहे काय? बिघाड केव्हापासून आहे? त्या सुमारास घरात नवे कोण आले? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ज्यांना हे जमते त्या विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील दोन घरी जाऊन, आधी त्यांच्या जुन्या ध्वनिफितींची व फोटोंची दुसरी प्रत काढून द्यावी आणि मग प्लेअर दुरुस्त करून दाखवावा. प्लेअर पुन्हा मिळतो, माणसाचा आवाज मिळत नाही.